रिकामा करंडक : दर्शन आणि प्रदर्शन

१

आमच्यापैकी एकीला काही वर्षांपूर्वी लंडनला जाण्याचा योग आला. परतल्यावर एम.ए.च्या वर्गात फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' सुरू करण्यापूर्वी, हा कवी ज्या भूमीतून आला तिथल्या जुन्या धर्मजीवनाची विद्यार्थ्यांना थोडी कल्पना यावी, या हेतूने तिने व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहिलेल्या एका पेटीचे वर्णन केले. सुमारे एक फूट उंच, त्याहून किंचित रुंद, उतरत्या छपराच्या घरासारखी दिसणारी, निळ्या-सोनेरी मीनाकामाने मढवलेली पेटी. तीत एकेकाळी एका संताचे अवशेष होते. आता ती रिकामी आहे. वर्णन संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, मग तुम्ही तिथं दर्शन घेतलंत की प्रदर्शन पाहिलंत?"

वर्ग हसला. प्रश्न विनोदाने विचारलेला असला तरी तो विनोदापाशी थांबत नाही, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात नंतर आले. 'दर्शन' आणि 'प्रदर्शन' या दोन शब्दांत एका उपसर्गाचे अंतर आहे. पण त्या उपसर्गाच्या पोटात युरोपच्या इतिहासाची काही शतके सामावलेली आहेत. देवघरातली वस्तू काचेच्या कपाटात जाते तेव्हा तिचे नेमके काय होते? ती वाचते की मरते? प्रस्तुत लेखात त्या एकाच पेटीच्या आधाराने या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा आमचा प्रयत्न आहे. हा प्रश्न केवळ कलेतिहासाच्या अभ्यासकांचा नाही. संतसाहित्य अभ्यासक्रमात बसवून शिकवणाऱ्या आमच्यासारख्या अध्यापकांचाही तो आहे, हे लेखाच्या शेवटी स्पष्ट व्हावे.

२

पेटीची कथा एका खुनापासून सुरू होते. टॉमस बेकेट हा लंडनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याचा तो चान्सलर, म्हणजे कारभारातला उजवा हात आणि जिवलग स्नेही. ११६२ साली राजाने त्याला कँटरबरीचा आर्चबिशप केले. आपला माणूस धर्मपीठावर बसला की धर्मपीठही आपलेच होईल, असा राजाचा हिशोब होता. तो साफ चुकला. पीठावर बसताच बेकेट पीठाचा झाला. धर्मसेवकांनी गुन्हा केल्यास त्यांचा न्याय राजाने करावयाचा की चर्चने, या मुद्द्यावरून दोघांत वितुष्ट आले. ११६४ मध्ये बेकेटला फ्रान्समध्ये आश्रय घ्यावा लागला. सहा वर्षांनी तडजोड होऊन तो परतला. परतून महिना होतो न होतो तोच, २९ डिसेंबर ११७० रोजी संध्याकाळी, राजाच्या संतापाच्या उद्गारांनी चेतवलेल्या चार सरदारांनी त्याला त्याच्याच कॅथीड्रलमध्ये ठार केले.

पुढचा वेग विस्मयकारक आहे. अवघ्या सव्वादोन वर्षांत, फेब्रुवारी ११७३ मध्ये, पोप तिसरा अलेक्झांडर याने बेकेटला संत म्हणून घोषित केले. ११७४ च्या जुलैत खुद्द राजा अनवाणी चालत कँटरबरीला आला आणि त्याने मठवासीयांच्या हातून पाठीवर फटके घेतले. ज्याच्यामुळे माणूस मेला, त्याच राजाने त्या माणसाच्या समाधीपुढे गुडघे टेकले. मध्ययुगीन युरोपात या घटनेचा केवढा गाजावाजा झाला असेल, हे सांगणे न लगे. १२२० साली संताच्या अस्थी कॅथीड्रलच्या पूर्वेकडील नव्या ट्रिनिटी चॅपेलमध्ये, सोने-रत्नांनी मढवलेल्या उंच समाधिपेटीत समारंभपूर्वक हलवण्यात आल्या आणि कँटरबरी हे पश्चिम युरोपातील मोठ्या यात्रास्थळांपैकी एक झाले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही वाट परिचित आहे. चौसरचे यात्रेकरू एकमेकांना कथा सांगत निघाले होते ते याच समाधीकडे.

३

आता पेटीकडे वळू. ती ११८० ते ११९० च्या सुमारास फ्रान्समधील लिमोज या गावी घडवली गेली. लाकडी पेटीवर तांब्याचे पत्रे बसवलेले. पत्र्यात आकृतीच्या रेषा राखून बाकीचा भाग कोरून खळगे करायचे, त्या खळग्यांत रंगीत काचेची पूड भरायची, भट्टीत ती वितळवायची, थंड झाल्यावर घासून समपातळीत आणायची आणि उघड्या राहिलेल्या तांब्यावर सोन्याचा मुलामा द्यायचा, अशी ही पद्धत. आपल्याकडची मीनाकारी तिची नात्यातलीच. लिमोजचे कारागीर या कामात इतके निष्णात की त्यांच्या गावाचे नावच या कलेची ओळख ठरले. यात एक विचित्र योगही आहे. लिमोज ज्या अॅक्विटेन प्रांतात होते, तो प्रांत राणी एलिनॉरच्या विवाहामुळे हेन्रीच्याच सत्तेखाली आलेला होता. राजाच्या एका मुलखात संत मारला गेला आणि दुसऱ्या मुलखातल्या कारागिरांना त्या संताच्या पेट्या घडवण्याचे काम मिळाले. बेकेटकथा कोरलेल्या अशा लिमोज पेट्या आजही पन्नासच्या आसपास उरल्या आहेत. लंडनची पेटी त्यांतली सर्वांत मोठी, सर्वांत घडीव आणि बहुधा सर्वांत आधीच्यांपैकी एक मानली जाते.

पेटीच्या दर्शनी बाजूवर खालच्या पट्टीत हत्येचा प्रसंग आहे. बेकेट वेदीपाशी उभा आहे, वेदीवर मिस्सेचा प्याला आहे, मागून शस्त्रे उगारलेले सरदार चालून येत आहेत, आणि पलीकडे दोन धर्मसेवक विस्मयाने हात उंचावून पाहत आहेत. छपराच्या उतारावर एकीकडे त्याचे दफन, दुसरीकडे देवदूतांनी स्वर्गाकडे उचललेला त्याचा आत्मा. खाली मृत्यू, वर मुक्ती. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही हा क्रम वाचता येतो.

आता हे 'वाचन' जरा बारकाईने करू. मारेकरी चार होते; पेटीवर तीनच आहेत. बेकेट मारला गेला तेव्हा तो मिस्सा साजरी करीत नव्हता. सायंप्रार्थनेची वेळ होती, आणि तो मुख्य वेदीपाशी नव्हे तर कॅथीड्रलच्या वायव्येकडील आडव्या दालनात पडला. त्याला वाचवताना ज्याच्या हातावर घाव बसला त्या एडवर्ड ग्रिम या प्रत्यक्षदर्शीने सविस्तर वृत्तान्त लिहून ठेवला आहे. तेव्हा माहितीच्या अभावी कारागिरांनी प्रसंग चुकीचा रंगवला, असे म्हणण्यापेक्षा येथे प्रसंगाची पुनर्रचना झाली आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. वेदी आणि प्याला आले की मिस्सेतील ख्रिस्ताच्या बलिदानाची आठवण अपरिहार्य होते. बेकेटचा मृत्यू राजकीय खून न राहता त्या मूळ बलिदानाची आवृत्ती बनतो. आणि ज्या राजाच्या शब्दांनी हे सारे घडले तो या दृश्यात कुठेच नाही. आपल्या चरित्रकार महीपतीबुवांचे वाचन ज्यांनी केले आहे, त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. संतचरित्रात घडलेल्या गोष्टीपेक्षा गोष्टीचा अर्थ वरचढ ठरतो. पेटी हे धातूवर लिहिलेले संतचरित्र आहे.

या पेटीत काय होते? एक संभाव्य उत्तर असे दिले जाते. कँटरबरीचा प्रायर बेनेडिक्ट, ज्याने बेकेटच्या चमत्कारांचे एक संकलन केले, तो ११७७ मध्ये पीटरबरोच्या मठाचा मठाधिपती झाला. जाताना त्याने संताचे काही अवशेष बरोबर नेले. त्यांत संताचे रक्त होते, वस्त्र होते आणि जिथे तो पडला त्या फरशीचे दगडही होते. त्या दगडांच्या पुढे पीटरबरोला वेद्या करण्यात आल्या. त्या अवशेषांसाठी ही पेटी घडवली गेली असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.

४

अवशेषांची ही ओढ आजच्या वाचकाला विलक्षण वाटेल. परंतु आपल्या भाषेत त्यासाठी तयार शब्द आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. बौद्ध स्तूपांतील अशा पेटीला आपण 'अस्थिकरंडक' म्हणतो. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकलला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक निघाले. सर्वांत आतल्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. आज ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत. सोन्याच्या करंडकात मातीचे तुकडे! मोल आतल्या वस्तूचे असते, आणि ते दाखवण्यासाठी बाहेरचे सोने असते, हा न्याय सोपाऱ्यात होता आणि लिमोजमध्येही होता. लंडनच्या पेटीला म्हणूनच आम्ही यापुढे करंडक म्हणू.

मध्ययुगीन यात्रेकरू करंडकाकडे 'पाहायला' येत नसे. त्याला जवळ जायचे असे, हात लावायचा असे, ओठ टेकायचे असत. पंढरपूरला पदस्पर्शदर्शन, मुखदर्शन आणि कळसदर्शन असा भेद आपण करतो, त्यातला पहिला प्रकार त्याला हवा असे. कँटरबरीला संताचे रक्त मिसळलेले पाणी म्हणून जे वाटले जाई, ते यात्रेकरू कथिल-शिशाच्या लहानशा कुप्यांत भरून गळ्यात अडकवून घरी नेत. यात्रेचे कथिली बिल्ले टोपीला लावले जात. असे कितीतरी बिल्ले आणि कुप्या पुढे टेम्स नदीच्या चिखलात सापडल्या आणि लंडनच्या संग्रहालयांत पोहोचल्या. राजेरजवाड्यांच्या देणग्यांनी मढलेल्या समाधीपेक्षा काडीमोल धातूचे हे बिल्ले आम्हाला अधिक बोलके वाटतात. कारण ते ज्यांच्या टोपीवर होते त्यांची नावे कुठल्याच दप्तरात नाहीत. ट्रिनिटी चॅपेलकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्यांची झीज, एवढीच त्यांची दुसरी नोंद.

५

ही सारी व्यवस्था एका वर्षात उद्ध्वस्त झाली. आठवा हेन्री पोपपासून फारकत घेऊन स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला होता. राजाला विरोध करून चर्चसाठी मेलेला संत अशा राजाला सोसवणे शक्यच नव्हते. १५३८ मध्ये कँटरबरीची समाधी फोडण्यात आली. सोने-रत्ने राजाच्या खजिन्यात गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातील फर्मानाने बेकेटला संत म्हणण्यास मनाई झाली, त्याच्या प्रतिमा काढून टाकाव्यात आणि प्रार्थनापुस्तकांतून त्याचे नाव खोडावे असा हुकूम सुटला. अशी नाव खोडलेली हस्तलिखिते आजही पाहावयास मिळतात. कुठे नावावर शाईची जाड रेघ आहे. कुठे मात्र ती रेघ इतकी पुसट की खाली नाव सहज वाचता यावे. त्या पुसट रेघांमागे आज्ञा पाळल्याचे दाखवून नाव राखणारा कोणी लेखनिक असेल काय? आम्हाला तसे मानायला आवडेल.

आपला करंडक या वावटळीतून वाचला. तो पुन्हा लोकांच्या नजरेस येतो अठराव्या शतकात, आणि येतो तो कोणा भक्ताच्या नव्हे, पुरातन वस्तूंच्या अभ्यासकांच्या हातात. विल्यम स्टकली या त्या काळच्या नामवंत पुराणवस्तुप्रेमीने तो पाहिला, त्यावर लिहिले, आणि निष्कर्ष काढला की हा क्रोयलँडच्या मठातील करंडक असून त्यावर डॅनिश आक्रमकांनी तिथल्या मठाधिपतीची केलेली हत्या कोरली आहे. ज्या संताच्या कथेसाठी एकेकाळी युरोप पायी चालत येई, त्याची कथा त्याच्याच देशातल्या विद्वानाला ओळखता आली नाही. फर्मानाचे काम एवढे चोख झाले होते.

चुकीच्या वाचनाचा असाच, पण अधिक भीषण, प्रकार पुढे पॅरिसमध्ये घडला. १७९३ मध्ये क्रांतिकारकांनी नोत्र दाम कॅथीड्रलच्या दर्शनी भागावरील राजांचे पुतळे फ्रान्सच्या राजांचे समजून खाली पाडले व त्यांची शिरे उडवली. वस्तुतः ते बायबलमधील यहुदाचे राजे होते. त्यांपैकी २१ शिरे १९७७ साली पॅरिसमधील एका इमारतीच्या कामात जमिनीखाली सापडली आणि आज ती क्ल्यूनी संग्रहालयात आहेत. नाके फुटलेली, कुठे कुठे जुन्या रंगाचे अंश उरलेली ती दगडी मुखे संग्रहालयात आली ती वाचनाच्या चुकीपायी. इंग्लंडात एका संताचे नाव हरवले. फ्रान्समध्ये नको ते नाव चिकटले म्हणून मुंडकी उडाली.

आज ज्याला आपण मध्ययुगीन ख्रिस्ती कलेचे संग्रहालय म्हणतो, त्याची जन्मवेळ हीच. क्रांतीने नोव्हेंबर १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या नावे केली. पुतळे, थडगी, वेद्या यांचे ढीग पॅरिसच्या एका रिकाम्या मठात जमा होऊ लागले. त्या ढिगांचा रखवालदार अलेक्झांद्र लनुआर याने फोडण्या-वितळवण्यापासून जमेल तेवढे वाचवले आणि १७९५ मध्ये त्याच मठात कालक्रमाने मांडून लोकांसाठी खुले केले. ते संग्रहालय १८१६ मध्ये बंद झाले. पण शतकाशतकाप्रमाणे दालने लावण्याची त्याची कल्पना टिकली. पावित्र्याच्या क्रमाने लागणारी वस्तू आता काळाच्या क्रमाने लागू लागली. हा बदल आम्हाला मूलगामी वाटतो. वेदीवरच्या वस्तूला तारीख नसते. तारीख लागली की ती इतिहासाची झाली.

आणि तरी सगळ्याच वस्तू या वाटेने गेल्या नाहीत. दक्षिण फ्रान्समधील कोंक या डोंगरी गावी सांत फोय या बालसंत मुलीची सोन्याने मढवलेली, रत्नजडित, सिंहासनस्थ मूर्ती आहे. क्रांतीच्या काळात गावकऱ्यांनी मठाचे जडजवाहीर दडवून ठेवले, असे सांगितले जाते. ती मूर्ती आजही त्याच गावात आहे. म्हणजे वस्तू वाचण्याचे दोन मार्ग दिसतात. एक, ती ज्यांची आहे त्यांनी जिवापाड जपणे. दुसरा, ती कोणाची होती याचाच विसर पडणे. मध्ययुगीन वस्तू पावित्र्यामुळे घडल्या, पावित्र्यामुळेच फोडल्या गेल्या, आणि इंग्लंडात ज्या उरल्या त्यांतल्या कित्येक, त्यांचे पावित्र्य लोकांच्या स्मृतीतून गेले तरी, 'जुनी सुंदर वस्तू' म्हणून उरल्या. संग्रहालयाने देव मारला असे हळहळून म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा तपासून पाहावा. देवाला हात आधीच लागलेला होता. संग्रहालय मागाहून आले.

६

करंडकाचा पुढचा प्रवास आधुनिक आहे. तो एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे गेला, देशाबाहेर गेला, आणि १९७९ साली कोणी विकत घ्यावा? ब्रिटिश रेल्वेच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीने! महागाईच्या काळात पैशाचे मूल्य टिकावे म्हणून त्या निधीने कलावस्तूंत गुंतवणूक केली होती. संताचे रक्त ज्यात असावे तो करंडक इंजिनचालकांच्या म्हातारपणाची तरतूद झाला. हे ऐकून हसू येते. पण मध्ययुगातला मठही दुष्काळात आपली सोन्या-चांदीची पात्रे गहाण टाकीतच असे. १९९६ मध्ये लिलावात तो चाळीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. तो देशाबाहेर जाऊ नये म्हणून सार्वजनिक निधी आणि देणग्या उभ्या राहिल्या आणि तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आला. ज्या देशाने १५३८ मध्ये या संताचे नाव खोडले, त्याच देशाने १९९६ मध्ये त्याची रिकामी पेटी 'राष्ट्रीय वारसा' म्हणून सोडवून घेतली. याला भक्ती म्हणता येणार नाही. पण निव्वळ व्यवहारही म्हणता येत नाही.

हे संग्रहालयही मुळात भक्तीसाठी नव्हते, आणि इतिहासासाठीही नव्हते. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातून ते निघाले. आपल्या भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे जुने नावही तेच होते, याचे स्मरण अनेकांना असेल. कारागिरांना उत्तम नमुने दाखवावेत, देशातील मालाचा दर्जा सुधारावा, हा त्याचा मूळ हेतू. त्यामुळे तेथे वस्तू साहित्याप्रमाणे लागत. धातू एकीकडे, काच एकीकडे, कापड एकीकडे. अशा मांडणीत बेकेटचा करंडक 'उत्कृष्ट मीनाकाम' ठरला असता. २००९ साली तेथे मध्ययुग आणि प्रबोधनकाळाची नवी दालने उघडली, त्यांत धातू, काच, कापड, दगड पुन्हा एकत्र आले आणि वस्तू कशासाठी होती हे सांगण्यावर भर आला. प्रदर्शनाने दर्शनाची आठवण ठेवायला सुरुवात केली, असे आम्ही म्हणू.

२०२१ मध्ये ब्रिटिश म्युझियमने बेकेटच्या हत्येला ८५० वर्षे झाल्याच्या निमित्ताने मोठे प्रदर्शन भरवले. त्यासाठी कँटरबरीची एक 'चमत्कार-खिडकी', म्हणजे बेकेटच्या चमत्कारांची रंगीत काचचित्रे असलेली उंच खिडकी, प्रथमच कॅथीड्रलबाहेर आली. तिची तावदाने उतरवून जवळून अभ्यासताना लक्षात आले की जुन्या दुरुस्तीत काही तावदानांचा क्रम चुकला होता. क्रम लावल्यावर एका शिक्षा भोगलेल्या गरीब माणसाची कथा पुन्हा सलग वाचता आली. चर्चमध्ये खिडकी शतकानुशतके 'जिवंत' होती, पण तिची कथा तुटलेली होती. प्रदर्शनात ती तीन महिने परकी झाली आणि कथा जुळली.

७

येथून आम्ही आमच्या घरी, म्हणजे आमच्या अभ्यासक्रमात येतो. टॉमस स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशरमध्ये झाला. कँटरबरीची समाधी फुटून दहा-अकरा वर्षे झालेली होती. जुन्या पंथाला जागा न उरलेला देश सोडून तो रोमला गेला, जेझुइट झाला, १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि साष्टीत राहिला. ज्या देशात त्याच्या संतांच्या समाध्या फोडल्या गेल्या तिथून तो आला; आणि ज्या साष्टीत आला तिथली देवळे त्याच्या येण्याआधी काही वर्षे त्याच्याच धर्माच्या सत्तेने पाडली होती. या दोन वाक्यांपैकी एकच वाक्य वर्गात सांगणे हा अर्धाच नामफलक लावण्याचा प्रकार होय. दोन्ही सांगितल्यावरच 'ख्रिस्तपुराणा'तील ओवीचे खरे आश्चर्य कळते. देवळे आणि त्यांतली पुराणे गेलेल्या लोकांना, त्यांच्याच पुराणाच्या छंदात, एका परदेशी माणसाने नवी कथा दिली.

या ग्रंथाचे पुढे काय झाले, हेही आमच्या विषयाशी निगडित आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा तो रोमन लिपीत छापला गेला. त्यांतली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तो वाचला तो दोन वाटांनी. मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांत त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या, वाचल्या, गायिल्या गेल्या, आणि त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये तो पुन्हा छापला. ही कोंकच्या गावकऱ्यांची वाट. दुसरीकडे विल्यम मार्सडेन या संग्राहकाच्या संग्रहातून एक देवनागरी हस्तलिखित लंडनला पोहोचले. विसाव्या शतकात जस्टिन अॅबट यांनी ते अभ्यासकांच्या नजरेस आणून दिले, आणि आज ते लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेच्या ग्रंथालयात आहे. ही आपल्या करंडकाची वाट. एक प्रत गाणाऱ्यांनी राखली, एक प्रत न गाणाऱ्यांनी राखली. आज अभ्यासकाला दोन्ही लागतात.

योगायोग असा की, ज्या रायतूरच्या जेझुइट केंद्रात 'ख्रिस्तपुराण' पहिल्यांदा छापले गेले, तिथल्याच सेमिनरीत १९९४ साली गोव्याचे ख्रिस्ती कला संग्रहालय सुरू झाले. २००२ मध्ये ते जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात हलले. तेथील वस्तू मध्ययुगीन नाहीत. त्या सोळाव्या शतकापासून पुढच्या, आणि त्यांतल्या कित्येक स्थानिक कारागिरांच्या हातच्या. एका मठाच्या भिंतींआड मांडलेल्या त्या लाकूड-चांदी-हस्तिदंताच्या वस्तूंपुढे उभे राहिले की वर्गातला तो प्रश्न पुन्हा ऐकू येतो.

८

संतसाहित्य शिकवणाऱ्यांचे कामही संग्रहालयाच्या रखवालदारासारखेच आहे, याची कबुली येथे द्यावयास हवी. पारायणात, दिंडीत, कीर्तनात जी ओवी आणि जो अभंग राहतो, तो आम्ही उचलून सत्र परीक्षेच्या काचपेटीत ठेवतो. त्याला शतक लावतो, अलंकार मोजतो, पाच गुणांचे टिपण मागतो. घरी ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्या आईची मुलगी वर्गात तीच ओवी 'रूपक' म्हणून लिहिते, तेव्हा तिच्या मनात काहीतरी तुटत असेल, असे आम्हाला अनेकदा वाटले आहे. उलट, ज्यांच्या घरी ती ओवी कधीच नव्हती, किंवा ज्यांच्या पूर्वजांना देवळाच्या दारात थांबवले गेले, अशा विद्यार्थ्यांना ती प्रथम भेटते ती आमच्याच काचपेटीत. तिथे येण्याला कोणाची मनाई नाही. दर्शनाला रांग असते आणि रांगेला नियम असतात. प्रदर्शनाचे दार, निदान तत्त्वतः, सर्वांना उघडे असते. या लाभाकडे दुर्लक्ष करून काचपेटीला नावे ठेवणे आम्हाला अप्रामाणिकपणाचे वाटते.

मात्र काचपेटीची एक जबाबदारी आहे, आणि ती नामफलकाची. 'मीनाकाम, लिमोज, बारावे शतक' एवढेच लिहिले तर ते खोटे नाही. पण ते स्टकलीच्या चुकीच्या फारसे पुढे जात नाही. हा करंडक कोणासाठी होता, त्याला हात कोण लावी, तो कोणी फोडावयास सांगितला, त्यावर कोणता मारेकरी वगळला आहे, आणि तो आज रिकामा आहे, हे सारे सांगणारा फलकच खरा. ओवीचा फलकही तसाच असावा. ती गायिली जात होती आणि आम्ही ती गात नाही आहोत, एवढे तरी वर्गात मोठ्याने म्हटले जावे.

कँटरबरीच्या ट्रिनिटी चॅपेलमध्ये जिथे समाधी होती, तिथे आज मोकळी फरशी आहे आणि त्या फरशीवर एक मेणबत्ती तेवत असते. लंडनमध्ये दिव्यांच्या उजेडात एक रिकामा करंडक आहे. एका ठिकाणी जागा राहिली आणि वस्तू गेली. दुसऱ्या ठिकाणी वस्तू राहिली आणि आतले गेले. दोन्हीकडे माणसे येतात, थांबतात आणि त्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

त्या विद्यार्थ्याला आम्ही पुढे उत्तर दिले ते असे: पाहायला गेलो ते प्रदर्शनच, पण पेटी रिकामी आहे हे कळल्यावरही तिथून लवकर पाय निघाला नाही. त्या थांबण्याला काय म्हणायचे, हे तू ठरव.